गादीच्या समोरची बाजू

थोरल्या जाऊबाईंनी तेहेतीस वर्षं राजांना मोती घातले. गळ्यात, कानात, पगडीच्या तुऱ्याला, मनगटाला, तलवारीच्या मुठीला, एकदा तर एका हौशी राजाच्या घोड्याच्या आयाळीलासुद्धा. "त्यांनी जन्मात घातले नसतील तेवढे मोती मी घातलेत त्यांना," असं त्या स्वतःच म्हणायच्या. तोंड हसायचं, डोळे हसायचे नाहीत.

आमच्या घरात जुन्या पद्धतीची लहान चित्रं होतात. तळहाताएवढी, फार तर वहीच्या पानाएवढी. राजा बाजूने दिसतो, एकच डोळा, एकच कान, हातात फूल नाहीतर तलवार आणि डोक्यामागे सोनेरी वर्तुळ. मी लग्न होऊन आले तेव्हा मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, विचारलं होतं, की देवाच्या डोक्यामागचं तेज या माणसांच्या डोक्यामागे कशाला काढता? मामंजी म्हणाले, "सूनबाई, राजांनीच तसं काढायला सांगितलं होतं. देवाची अजून तक्रार आलेली नाही." त्यांचं बोलणं असंच. मला पटलं नाही, पण हसू आलं.

एकेका चित्रावर सगळं घर बसतं. थोरले भावोजी कपडे रंगवतात, धाकटे भावोजी सोनं लावतात, आमचे हे चौकटी बसवतात आणि गिऱ्हाइकांशी बोलतात. मोती जाऊबाईंचे. दाट पांढऱ्या रंगाचा थेंब टेकवायचा आणि कुंचला सरळ वर उचलायचा. थेंब वाळला की कागदावर उंचवटा राहतो, बोट फिरवलं तर खडीसारखा लागतो. आणि चेहरा मामंजींचा. चेहऱ्याला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. बाकीच्यांनी कितीही मान मोडून काम केलं तरी चित्र मामंजींचंच म्हणायचं, कारण चेहरा त्यांचा.

बाहेरच्या खोलीत एक बैठं मेज आहे. त्याच्या एका बाजूला मामंजींची गादी. तिथे बसलं की खिडकी डाव्या हाताला येते आणि कागदावर स्वच्छ उजेड पडतो. समोरच्या बाजूला, नुसत्या चटईवर, जाऊबाई. कागद दोघांच्या मध्ये. काम घाईचं असलं की दोघं एकाच कागदावर एकाच वेळी बसायची, तिकडून मामंजी चेहरा करणार, इकडून जाऊबाई मोती घालणार. त्यांना खिडकी उजवीकडे, म्हणजे आपल्याच हाताची सावली आपल्याच कामावर. कोणी म्हटलं, "दिवा देऊ का?" तर म्हणायच्या, "नको गं. मला कुठे डोळा काढायचाय?"

गिऱ्हाईक आलं की गादीमागे उभं राहायचं. मामंजींच्या खांद्यावरून वाकून बघायचं आणि "वा, वा" करायचं. जाऊबाईंच्या बाजूला कोणी उभं राहत नसे. तिथून राजा खाली डोकं वर पाय दिसतो.

माझं म्हणाल तर मला कागद घोटायला दिला होता. थरावर थर चिकटवलेला कागद गुळगुळीत दगडाने घासत बसायचं, पृष्ठभाग काचेसारखा होईपर्यंत. लग्नानंतरचा दुसराच महिना. माझ्या हातून कागदावर चरा गेला. जाऊबाईंनी तो कागद उजेडात धरला आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "हात आहे का खवणी? जा बाई, तू स्वयंपाकघर सांभाळ. तिथे चरे चालतात." सगळे हसले. मीही हसले. त्याला चोवीस वर्षं झाली. तेव्हापासून त्या मेजाला मी फक्त पुसायला हात लावते. दारात भाजी निवडत बसते आणि बघते. कोण कुठल्या रेघेला श्वास धरतं तेसुद्धा मला पाठ आहे. हे किल्मिष मनातून जाऊ दे म्हणून रोज देवापाशी मागते. जात नाही. म्हणून आज ते वहीत उतरवते आहे, निदान दोन ठिकाणी वाटलं जाईल.

तर तीन वर्षांपूर्वी मामंजींच्या डोळ्यांवर पडदा आला. शस्त्रक्रिया झाली, एक डोळा जरा सुधारला. पण पापणीची रेघ एका केसाच्या कुंचल्याने ओढायची असते, ती दोनदा नाकावर गेली. दुसऱ्यांदा गेली तेव्हा त्यांनी कुंचला धुतला, शेंडा ओठांनी नीट केला आणि म्हणाले, "आता गादी दुसऱ्या कोणाला तरी द्यायला हवी."

सगळ्यांच्या माना जाऊबाईंकडे वळल्या. थोरल्या भावोजींचा हात जड, धाकट्यांना सोन्याखेरीज काही सुचत नाही आणि आमचे हे पेन्सिलीने सरळ रेघ काढतील तर शपथ. मग थोरल्या सूनबाईंशिवाय आहे कोण? पण मामंजी म्हणाले, "थोरली आणि धाकटी. दोघींनी गादीवर बसून एकेक चेहरा करा. राजा एकच."

धाकटी म्हणजे माझी धाकटी जाऊ. घरात येऊन तिला तेव्हा चारच वर्षं झाली होती. वडील चित्रकलेचे मास्तर, त्यामुळे पोरीच्या हातात लहानपणापासून पेन्सिल.

"चार वर्षं!" जाऊबाई स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाल्या. "माझ्या कुंचल्याचा दांडासुद्धा तिच्यापेक्षा जुना आहे."

"मग होऊन जाऊ दे की, ताई," मी म्हटलं.

"होऊन जाऊ दे काय? झालेलंच आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी केस घट्ट बांधून त्या गादीवर बसल्या. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. दीड तास बसल्या. मी दारातून बघत होते, आणि पहिल्या दहा मिनिटांतच मला कळलं की बाईंना रेघ सापडत नाहीये. कागद डावीकडे सरकवायच्या, उजवीकडे सरकवायच्या, हात उचलून परत ठेवायच्या, आपल्याच हाताकडे परक्यासारखं बघायच्या. शेवटी राजा झाला तो असा की हनुवटी पुढे, डोळा कपाळात आणि ओठ फुगलेले. थोरले भावोजी, म्हणजे प्रत्यक्ष त्यांचे यजमान, पटकन बोलून गेले, "हा राजा कसला? हा तर मानपानावरून रुसलेला व्याही!"

खोली हसली. जाऊबाईंनी कागदाचे चार तुकडे केले आणि पदराच्या टोकात बांधले. मग जेवायला बसल्या. मला वाईट वाटायला हवं होतं. मी त्यांच्या ताटात जास्तीचं वाढलं आणि मनात म्हटलं, घ्या, आता कळलं चरा कसा जातो ते.

धाकटीने दुपारी केला. इतका देखणा राजा की भाजी निवडायची विसरून मी सुरी हातात धरून उभी राहिले. मामंजींनी भिंगातून पाहिलं आणि म्हणाले, "गादी धाकटीची."

त्यानंतरच्या दोन वर्षांत आमच्या घरात काय काय चाललं ते बाहेरच्याला दिसलं नसतं. भांडण एकही नाही. फक्त धाकटीच्या राजांचे मोती मोठे होत गेले. आधी वाटाण्याच्या मानाने, मग बोराच्या. एकदा कानातला मोती असा टपोरा की राजाचा गालच झाकला.

"ताई, हे मोती आहेत का लिंबं?" धाकटीने विचारलं.

"राजा आहे तो, गं. तुझ्या माहेरच्या शाळेतला कारकून नाही, मणी घालायला."

"पण गाल दिसत नाही ना माझा."

"तुझा कशाला दिसायला हवा? राजाचा दिसला म्हणजे झालं."

कोणी पाहुणा गादीमागे उभा राहून धाकटीची तारीफ करू लागला की जाऊबाईंना नेमका खोकला यायचा. धाकटीचा कुंचला वाळत ठेवलेला असला की जाता जाता त्यांच्या कोपराचा धक्का लागायचा. आणि धाकटीही काही कमी नव्हती. "ताईंचा हात किती सवयीचा झालाय, नाही? डोळे मिटूनसुद्धा करतील," असं ती गोड आवाजात म्हणायची. त्या सवयीच्या हाताचं कौतुक ऐकून जाऊबाईंच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. मी दोघींना चहा नेऊन द्यायचे. दोघींच्या मधून जाताना तव्याजवळून गेल्यासारखं वाटायचं.

मग बारा राजांचं काम आलं.

एका जुन्या राजघराण्याचा वाडा आहे, आता लोक बघायला जातात. तिथल्या कारभाऱ्यांना दिवाणखान्यात बारा पिढ्यांचे बारा राजे लावायचे होते. मूळची चित्रं वाळवीने खाल्लेली. उरलं ते पुसट रेखाटनं, दोन-चार जुने फोटो आणि कोणीतरी लिहून ठेवलेली वर्णनं. आमच्या घरी इतकं मानाचं काम पूर्वी कधी आलं नव्हतं. मामंजी त्या दिवशी तीन वेळा तोंड धुऊन आले.

धाकटीने तीन राजे केले. कारभारी बघायला आले. शिडशिडीत, पांढऱ्या मिशांचे, सरळ बोलणारे गृहस्थ. गादीमागे न थांबता त्यांनी तिन्ही चित्रं हातात घेतली आणि खिडकीशी नेली.

"देखणे आहेत," ते म्हणाले. "फार देखणे. पण बाई, हे तीन राजे नाहीत. एकाच नवरदेवाचे तीन फोटो आहेत."

धाकटी म्हणाली, "पगड्या वेगळ्या आहेत."

"पगड्या आहेत हो. पण आमच्या तिसऱ्या महाराजांना दोन हनुवट्या होत्या. त्यातली एक तुम्ही खाल्लीत."

ते गेल्यावर धाकटी न्हाणीघरात जाऊन रडली. जाऊबाईंनी त्या दिवशी चहात साखर घालून घेतली. डॉक्टरांनी बंद केलेली, तरी दोन चमचे.

आता मुख्य गोष्ट. त्या आठवड्यात एका दुपारी सगळे जेवून आडवे झाले होते. मी ओटा पुसून बाहेरच्या खोलीत डोकावले तर जाऊबाई आपल्या चटईवर, आपल्या नेहमीच्या जागी, खाली मान घालून बसलेल्या. मेजावर कागदाचा तुकडा. मला वाटलं मोती चाललेत. पण मोती घालताना हात टाके घातल्यासारखा खालीवर होतो. हा हात सरकत होता. आणि त्या श्वास धरत होत्या. मोत्याला कोणी श्वास धरत नाही.

मी दाराच्या आडून बघत राहिले. माझ्या जागेवरून कागदावर नुसत्या टेकड्या दिसत होत्या, एक वर गेलेली, दोन खाली आलेल्या, मध्ये एक फट. थोड्या वेळाने त्या रंगाचं पाणी बदलायला मागे गेल्या. मी आत शिरले, मेजाला वळसा घालून गादीच्या बाजूला गेले आणि खाली बघितलं.

तिसरे महाराज. दोन्ही हनुवट्यांसकट. पापणी जराशी उतरलेली, खालचा ओठ पानाच्या देठासारखा पुढे, आणि डोळा असा की आत्ता विचारेल, कोण गं तू?

मला एकदम सगळं कळलं. एकतीस वर्षं बाईंनी चेहरे बघितले ते समोरून. मामंजी सुलटा चेहरा करायचे, बाईंना तो उलटा दिसायचा. बघता बघता त्या शिकल्या त्या उलट्याच शिकल्या. त्यांच्या लेखी राजाचं नाक वरून खाली येत नाही, खालून वर जातं. आणि उजेड उजवीकडून. त्या रेघ ओळखतात तीच मुळी आपल्या हाताच्या सावलीवरून. कुंचल्याचं टोक आणि टोकाची सावली एकमेकांना भेटली की कागद आला. गादीवर बसल्या त्या दिवशी नाक दुसरीकडे, सावली दुसरीकडे. त्यांना आंधळं करून बसवल्यासारखंच झालं होतं, आणि ते त्यांना स्वतःलाही तेव्हा उमगलं नव्हतं. नंतर कधीतरी, आपल्या चटईवर, उलट्या कागदावर, एकट्याने उमगलं.

पाण्याचा आवाज थांबला तशी मी स्वयंपाकघरात पळाले. तिथून दिसलं, त्यांनी तो कागद वाळवून चटईखाली सरकवला.

त्या क्षणी जे वाटलं त्याला मी आनंद म्हणू शकले असते. पण देव बघतो आहे. मला वाटलं ते हे, की हिला हेही येतं. मोती येतात आणि हेही येतं, आणि मला एक कागद घोटता आला नाही. जाऊबाई कोणाला सांगणार नाहीत हे मला ठाऊक होतं. एकदा हसं झालं होतं. आता खाली डोकं वर पाय राजा काढताना दिसल्या तर थोरले भावोजी जन्मभर चेष्टा करतील. म्हणजे सांगितलं तर मीच सांगायचं.

मी अकरा दिवस सांगितलं नाही. माळ ओढायला बसले की शंभर मणी व्हायच्या आत मोजणी चुकायची. ओठांवर देवाचं नाव आणि मनात चाललेलं, की धाकटीचा चौथा राजा पसंत पडू दे, म्हणजे थोरलीचं झाकलेलं झाकलेलंच राहील.

चौथाही पसंत पडला नाही. धाकटीने या खेपेला हनुवट्या तीन दिल्या होत्या, ज्यांना एकच होती त्यांना. कारभारी म्हणाले, आठवडाभर वाट बघतो, नाहीतर दुसरीकडे विचारतो. ते गेल्यावर मामंजी मेजाशी आले. मग रंगांच्या शिंपल्यांवर त्यांनी फडकं टाकलं. "उद्या त्यांना नाही म्हणून कळवा," ते म्हणाले. "या घरात चेहरे आता बंद. फुलं करू, पाखरं करू. फुलांना कोणी विचारत नाही तू कोणासारखं दिसतोस म्हणून."

तेव्हासुद्धा मी बोलले नसते. बोलले ते धाकटीमुळे. ती स्वयंपाकघरात येऊन डोळे पुसत होती. मी म्हटलं, "जाऊ दे गं, होतं असं." ती म्हणाली, "तुम्हाला नाही कळायचं, वहिनी. तुमचं आपलं बरं आहे, स्वयंपाकघर एके स्वयंपाकघर."

मी हात पुसले. बाहेरच्या खोलीत गेले. जाऊबाईंच्या चटईखालून कागदाचा तुकडा काढला, सुलटा धरला आणि मामंजींच्या मांडीवर ठेवला. दया आली म्हणून नाही. धाकटीचं तोंड बघायचं होतं म्हणून.

मामंजींनी तो खिडकीशी धरला, भिंग लावलं, नाकाशी नेला.

"कोणी केलं हे?"

मी जाऊबाईंकडे बोट दाखवलं. त्या उभ्याच राहिल्या. "माझ्या चटईखाली हात घातलास? तू?"

"घातला," मी म्हटलं.

"मधले, तुला मी..."

"तिला नंतर काय ते बोल," मामंजी म्हणाले. "आधी मला सांग, तू केलंस?"

जाऊबाई कागद घ्यायला पुढे झाल्या. त्यांनी तो दिला नाही.

"करून दाखव."

"नाही."

"का?"

"सगळे हसतील," त्या म्हणाल्या. इतक्या बारीक आवाजात मी त्यांना बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "मला सुलटा येत नाही, मामंजी. उलटाच येतो."

थोरले भावोजी तोंड उघडणार तेवढ्यात मामंजींनी नुसता हात वर केला. "बाहेर व्हा सगळे. मी बसतो. मला तसंही अर्धंच दिसतं."

आम्ही दाराबाहेर गेलो, पण दार कुठे लागतं आमचं? मी फटीतून बघितलं. मामंजी गादीवर बसले, जाऊबाई समोर चटईवर, कागद दोघांच्या मध्ये, पूर्वीसारखा. फक्त कुंचला एकच होता, जाऊबाईंच्या हातात. त्यांनी कपाळापासून नाही, हनुवटीपासून सुरुवात केली. मामंजींच्या बाजूला चेहरा खालून वर उगवत गेला. कुंचला कपाळाशी पोचला तेव्हा ते म्हणाले, "एवढी वर्षं मला वाटायचं, तू मोती बघतेस."

"मोत्यात बघण्यासारखं काय असतं?" जाऊबाई म्हणाल्या.

धाकटी माझ्या खांद्यावरून बघत होती. तिचं तोंड मला बघायचं होतं ते बघायला मिळालं. पण मनासारखं सुख झालं नाही, कारण माझंही तसंच झालं असणार.

बारा महाराज सात महिन्यांत झाले. तिसरे बघून कारभाऱ्यांनी खुर्ची मागितली, बसले आणि म्हणाले, "हे आमचे." एवढंच. पाचव्यांचं पोपटाच्या चोचीसारखं नाक, आठव्यांची जाड मान, अकराव्यांचा भित्रा डोळा, जो राजाला शोभत नाही म्हणून आधीच्या चित्रकारांनीसुद्धा लपवला असणार, सगळं जाऊबाईंनी कागदावर आणलं. मोती घालायला आता धाकटी बसली. बसली ती गादीवर, कारण गादी तिला दिली होती आणि जाऊबाईंना तिथून चालत नव्हतं.

आणि तिथेच पुन्हा पेटलं.

बघायला येणारा माणूस अजूनही गादीमागेच उभा राहायचा. राजा तिथूनच सुलटा दिसतो. खाली मान घालून बसलेली धाकटी दिसायची, समोर सुंदर चेहरा दिसायचा आणि पाहुणा धाकटीला म्हणायचा, "काय डोळा आहे हो! जिवंत!" धाकटी नाही म्हणायची नाही, हो म्हणायची नाही. नम्रपणे मोती टेकवत राहायची. एकदा एक बाई जाऊबाईंकडे बघून म्हणाल्या, "आणि या तुमच्या मदतीला का?"

त्या दिवशी जाऊबाईंनी ताट पुढे सरकवलं. "चेहरा माझा आणि वाहवा तिची. मामंजी, मला गादी द्या."

"घे की," मामंजी म्हणाले. "आज घे. पण चेहरा तुझ्यासोबत गादीवर येतो का ते आधी बघ."

त्यांनी बघितलं. चार दुपारी. गादीवर बसून कागद आपल्याकडे उलटा करून पाहिला. उजेड डावीकडून आला, सावली हरवली, रेघ हरवली. खिडकी उजवीकडे यावी म्हणून मेज आणि गादी फिरवून पाहिली तर गादी भिंतीलाच चिकटली, पाहुण्याला उभं राहायला जागाच नाही. चौथ्या दुपारी त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसल्या. माझ्याशी त्या सात महिन्यांत कामापुरतंच बोलत होत्या.

"एक काहीतरी घे म्हणतात," त्या भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाल्या. "गादी नाहीतर चेहरा."

मी शेंगा सोलत होते. "मग?"

"ती बया नुसते ठिपके टेकवते आणि महाराणीसारखी बसते."

"मग गादी घ्या."

"आणि चेहरे कोण करणार? ती? तिच्या नवरदेवांना वरातीत सोडायचंय का?" त्या उठल्या. दारातून वळून म्हणाल्या, "तुला काय, तू म्हणशीलच गादी घ्या. तुला बरंच आहे."

खरंच बरं होतं. मला ते तोंडावर कबूल करता आलं नाही, म्हणून इथे करते.

त्यांनी चेहरा ठेवला. गादी धाकटीला राहिली. पण दुसऱ्या दिवसापासून कोणी पाहुणा आला आणि सवयीने गादीमागे जाऊ लागला की जाऊबाई चटईवरून खणखणीत आवाजात म्हणतात, "तिकडून नाही. काम इकडे चाललंय. इकडून बघा." पाहुणे बिचारे वळसा घालून येतात, त्यांच्या मागे वाकतात. तिथून त्यांना खाली डोकं वर पाय राजा दिसतो, म्हणजे काहीच दिसत नाही. मान वाकडी करतात, कोणी पार कमरेतून वळतात, आणि शेवटी म्हणतात, "फारच छान." जाऊबाई मान डोलावतात. समोर धाकटी ओठ आवळून मोती टेकवते.

काल दुपारी त्यांनी मला हाक मारली. मी पीठ लागलेल्या हातांनी दारात गेले.

"हात धुऊन ये," त्या म्हणाल्या. "इथे माझ्या मागे उभी राहा. बघ."

चोवीस वर्षांत त्या मेजाशी मला कोणी बोलावलं नव्हतं. मी हात धुतले, दोनदा धुतले आणि त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले. त्यांनी श्वास धरला. कुंचल्याचं टोक आणि त्याची सावली जवळ आली, भेटली आणि कागदावर एक बारीक काळी रेघ सरकली. ती पापणी होती का ओठ, मला कळलं नाही.

"दिसलं?" त्यांनी विचारलं.

"दिसलं," मी म्हटलं.

"काय दिसलं?"

मी म्हटलं, "फारच छान," आणि कणीक तशीच राहिली आहे म्हणून आत आले.